मीठ कोणाचे? गिरणगावातील निष्ठेचा प्रश्न

सोबत्यांचा आधार मिळाला की नोकराचे मन संस्थेत रमते, असे व्यवस्थापनशास्त्र सांगते. मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास पाहताना आम्हांस हे विधान अर्धेच खरे वाटते. तेथे आधार होता आणि निष्ठाही होती. परंतु ती मालकापर्यंत क्वचितच पोहोचली.

कावसजी दावर यांनी 1854 साली स्थापन केलेल्या गिरणीत 1856 पासून सूत निघू लागले. पुढे रत्नागिरी, साताऱ्याकडून माणसांचा ओघ लागला. या माणसांशी मालकाचा संबंध जवळजवळ नव्हताच. कामावर घेणे, रजा देणे, काढून टाकणे, अडीअडचणीला कर्ज मिळवून देणे, हे सारे जॉबरच्या हाती. तो दस्तुरी घेई, हेही खरे. शाही कामगार आयोगाने 1931च्या अहवालात या पद्धतीवर कठोर टीका केली. तरीही जॉबर बहुधा गाववाला किंवा नात्यातला असे, आणि त्याचे वजनही आपल्या माणसांच्या पाठिंब्यावरच टिके. त्यामुळे जुलूम आणि आधार एकाच माणसाकडून मिळत. नव्या संशोधकांपैकी राजनारायण चंदावरकर यांनी हा गुंता विशेष बारकाईने उलगडला आहे.

पाळी सुटल्यावर कामगार परते तो गावकऱ्यांच्या गाळ्यात. एका खोलीत पाळीपाळीने निजणारे अनेकजण, आणि जेवण खानावळवालीकडे, महिन्याच्या उधारीवर. 'मिठाला जागणे' हा आपल्या भाषेतला निष्ठेचा जुना शब्दप्रयोग. पण येथे मीठ मालकाचे नव्हतेच, ते खानावळीतले होते! 1928चा संप एप्रिल ते ऑक्टोबर चालला, सुमारे दीड लाख कामगार त्यात उतरले. इतके महिने पगाराविना निघाले, त्यामागे ही उधारी आणि गावाकडची शेती यांचा वाटा मोठा होता. कामावर टिकवून धरणारी सोबतच संपातही टिकवून धरत होती.

मात्र या सोबतीचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकली जाते. विणाई खात्यात पगार बरा, पण तेथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नसे. धोट्यातले सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि सवर्ण विणकरांना विटाळाची भीती वाटे. ही बंदी उठविण्याचा प्रश्न डॉ. आंबेडकरांनी त्याच 1928च्या संपात कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला. मालकाविरुद्ध एकजूट मागणाऱ्यांनी खात्याचे दार मात्र बंद ठेवावे, हे आम्हांस त्या इतिहासातले सर्वांत बोचरे पान वाटते. बाहेर ठेवलेल्या माणसाने कोणत्या सोबत्यांशी इमान राखावे?

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. कित्येक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उघडल्या नाहीत. पुष्कळ कामगार गावी गेले ते तेथेच राहिले. या वेळी उधारीला आणि गावच्या भाताला अंत आला, मालकांना मात्र वाट पाहणे परवडले. जयंत पवार यांचे 'अधांतर' या पडझडीवरचे नाटक. त्यात गिरणी रंगमंचावर येत नाही. नाटक घडते ते चाळीतल्या खोलीत.