मुख्य खेळाआधीची दहा मिनिटे

पुण्यात महात्मा फुले मंडईच्या भोवती ‘आर्यन’ आणि ‘मिनर्व्हा’ ही दोन नावे आज वाहनतळांची म्हणून घेतली जातात आणि भाजी घ्यायला आलेला माणूस गाडी ‘आर्यनला लावली’ असे सहज सांगून जातो. परंतु ही दोन्ही नावे मुळात चित्रपटगृहांची आहेत, आणि त्यांपैकी ‘आर्यन’ हे तर पुण्यातील पहिले कायमस्वरूपी चित्रपटगृह होय. वास्तू गेली तरी तिचे नाव जागेला चिकटून राहिले. त्या वास्तूच्या पडद्यावर जे दिसले, त्यातील बहुतेकांच्या वाट्याला मात्र एवढेही भाग्य आले नाही. मूकपटांच्या काळातील, त्यातही मुख्य चित्रपटाला जोडून दाखवल्या जाणाऱ्या लहान विनोदी व सचेतन पटांच्या नष्ट होण्याचा आणि नंतर झालेल्या त्यांच्या शोधाचा इतिहास पाहू लागले की मंडईचा हा कोपरा पुन्हा पुन्हा समोर येतो.

मंडईची इमारत १८८६ मध्ये बाजारासाठी खुली झाली. त्यापूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या पटांगणात भरत असे. मध्ये अष्टकोनी मनोरा आणि त्यापासून फुटलेल्या लांब पाखा अशी रचना असलेल्या या वास्तूला तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव देण्यात आले. ज्या जोतीराव फुले यांनी नगरपालिकेचे सभासद असताना, हा पैसा बाजाराच्या इमारतीऐवजी शिक्षणावर खर्च व्हावा म्हणून विरोध नोंदवला होता, त्यांचेच नाव पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने मंडईला मिळाले. पहाटे गाड्या रिकाम्या करून दिवसभर थांबणारे शेतकरी, हमाल, आडते आणि पेठांतून पायी येणारी गिऱ्हाइके असा सर्व थरांतील समाज येथे रोज एकत्र येत असे, आणि पुणेकरांनी पुढे ‘मंडई विद्यापीठ’ म्हणून जिचे कौतुक केले ती रोखठोक बोलण्याची रीत येथेच घडली. या गर्दीच्या उंबरठ्यावर गंगाधरपंत पाठक यांनी १९१५ च्या फेब्रुवारीत ‘आर्यन’ सुरू केले. तोवर चित्रपट तंबूंतून किंवा नाटकगृहांत अधूनमधून दाखवले जात. आर्यनमुळे शहराला चित्रपटासाठी ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ मिळाली.

पाच वर्षांनी, १९२० मध्ये, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ याच आर्यनमध्ये प्रथम झळकला. लोकमान्य टिळकांनी तो पाहून पेंटर यांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली, आणि त्याच वर्षीच्या १ ऑगस्टला टिळकांचे निधन झाले. पदवी टिकली, प्रसंग चरित्रांतून टिकला, चित्रपट मात्र राहिला नाही. भारतात मूकपटांच्या काळात सुमारे तेराशे कथापट तयार झाले असे मानले जाते आणि त्यांपैकी तिसांच्या आसपास पट आज पूर्ण किंवा तुकड्यांच्या रूपात पाहता येतात. ‘सैरंध्री’ त्यांत नाही. एवढ्या गाजलेल्या चित्रपटाची ही गत झाली असेल, तर त्याच्या आगेमागे दाखवल्या जाणाऱ्या लहान पटांची काय कथा?

मूकपटांच्या काळातील कार्यक्रम म्हणजे एकच चित्रपट नव्हे. मुख्य कथापटापूर्वी किंवा मध्यंतरात एखादा विनोदी पट, बातमीपट, प्रवासदृश्य किंवा परदेशी मालिकापटाचा भाग दाखवला जाई. मालिकापट म्हणजे एकच साहसकथा आठवड्यामागून आठवडा, प्रत्येक भागाच्या शेवटी नायिकेला संकटात सोडून पुढे नेणारा पट. आजच्या दूरचित्रवाणीवरील किंवा महाजालावरील मालिकांचे मूळ त्यात आहे. दादासाहेब फाळके यांनी ‘मोहिनी भस्मासुर’बरोबर ‘पिठाचे पंजे’ हा विनोदी लघुपट जोडला होता, आणि १९१५ मध्ये, म्हणजे आर्यन सुरू झाले त्याच वर्षी, त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा पट तयार केला. आगकाडी जराशी हलवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा हलवायची आणि पुन्हा एक चित्र घ्यायचे, अशी ही पद्धत होती. पडद्यावर सेकंदाला सुमारे सोळा चित्रे सरकू लागली की निर्जीव काड्या स्वतःहून चालू लागल्यासारख्या दिसतात. या तंत्राची ओळख फाळके यांना आधीच झालेली होती. भांडवलदाराची खात्री पटवण्यासाठी त्यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरून, रोज थोडे थोडे चित्रण करत, अंकुराचा वेल होईपर्यंतची वाढ काही क्षणांत दाखवली होती. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्येच आगकाड्यांचा असा खेळ पडद्यावर आणला होता. पण नाशिकच्या घरात, मोजक्या साधनांनिशी आणि कुटुंबाच्या मदतीने काम करणाऱ्या माणसाने तो मार्ग धरावा, यात भारतीय सचेतनपटाच्या आरंभाचे मोल आहे. ‘आगकाड्यांची मौज’ची एकही फूट आज उपलब्ध नाही.

लहान पट आधी का हरवतात, याचे उत्तर त्यांच्या आकारात नसून त्यांच्या नोंदीत आहे. जाहिरातीत आणि भिंतीवरच्या फलकावर मोठ्या अक्षरांत मुख्य चित्रपटाचे नाव येई. जोडपटासाठी ‘शिवाय विनोदी फिल्म’ एवढाच मजकूर पुरेसा समजला जाई. चित्रपट तपासून प्रमाणपत्र देणारी मंडळे १९१८ च्या कायद्याखाली १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून येथे स्थापन झाली, आणि तेव्हापासून चित्रपटांची लांबी फुटांत नोंदवली जाऊ लागली. त्याआधीच्या पटांना सरकारी दप्तराचा हा आधारही नाही. कथापटाची प्रत गावोगावी फिरे, तिच्या भाड्याचा हिशेब राही, कोणीतरी ती परत मागे. दोन-तीनशे फुटांचा जोडपट मात्र मोठ्या चित्रपटाच्या डब्यातच गुंडाळून पाठवला जाई, आणि तो डबा ज्याच्या नावाचा, त्याच्याबरोबरच त्याचेही भवितव्य ठरे.

या भवितव्याला फिल्मच्या द्रव्याने आणखी वाईट वळण दिले. १९५० च्या सुमारापर्यंत व्यावसायिक चित्रपट सेल्युलोज नायट्रेटच्या पट्टीवर छापले जात. हे द्रव्य जळताना स्वतःच प्राणवायू पुरवते, त्यामुळे एकदा पेटलेले रीळ पाण्यातही विझत नाही. आणि ते पेटले नाही तरी उष्ण, दमट हवेत हळूहळू मऊ व चिकट होत जाते, त्यावरची चित्रे पुसट होतात आणि अखेर डब्यात तपकिरी भुकटी उरते. त्यातच फिल्मच्या लेपात चांदी असते. बोलपट आल्यानंतर मूकपटांना बाजारात किंमत उरली नाही, तेव्हा कित्येक रिळे चांदी काढण्यासाठी विकली गेली. भारतातील पहिल्या बोलपटाच्या, १९३१ च्या ‘आलम आरा’च्या, शोधात निघालेल्या पी. के. नायर यांना अखेर हेच कळले की उरलेली रिळेही चांदीसाठी दिली गेली होती.

नायर यांचे नाव या शोधाच्या केंद्रस्थानी आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना पुण्यात फेब्रुवारी १९६४ मध्ये झाली आणि पुढच्या वर्षी नायर तेथे रुजू झाले. १९९१ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा संग्रहात सुमारे १२,००० चित्रपट होते. त्यांची पद्धत कार्यालयात बसून पत्रे पाठवण्याची नव्हती. गोदामे, बंद पडलेली चित्रपटगृहे, वितरकांची आणि निर्मात्यांच्या वारसांची घरे ते स्वतः धुंडाळत. फाळके यांच्या कुटुंबीयांकडून ‘राजा हरिश्चंद्र’ची जी रिळे मिळाली, ती त्यांच्याच प्रयत्नाने. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागलेला हा चित्रपट सुमारे ३,७०० फुटांचा, चार रिळांचा होता. आज संग्रहात त्याचे पहिले आणि शेवटचे रीळ आहे, आणि ती रिळे मूळ १९१३ ची की फाळके यांनी १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. १९१९ चा ‘कालिया मर्दन’ मात्र बराचसा सलग जुळवता आला. चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा फाळके यांचा एक लहान पटही तुकड्यांत उरला आहे, आणि त्यात ते स्वतः फिल्म तपासताना दिसतात. लहान पट वाचू शकतो, याचा हा पुरावा मोठा दिलासा देणारा आहे.

हरवलेला पट सापडला तरी तो कोणता हे ठरवणे सोपे नसते, कारण पहिले काही फूट, म्हणजे शीर्षक असलेला भाग, सर्वांत आधी झिजतो. अशा वेळी पट्टीच्या कडेकडे पाहावे लागते. ईस्टमन कोडॅक कंपनीने १९१६ पासून आपल्या कच्च्या फिल्मच्या कडेवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा बारीक खुणा छापण्यास प्रारंभ केला, आणि त्यांवरून ती फिल्म कोणत्या वर्षी बनली हे कळू शकते. खूण १९२४ ची असेल तर त्यावरील प्रत त्याआधीची असूच शकत नाही; मात्र जुन्या चित्रपटाची नवी प्रत काढलेली असू शकते, म्हणून मूळ चित्रपट केव्हाचा हे ही खूण सांगत नाही. मग उपशीर्षकांची भाषा आणि अक्षरवळण, नटांचे चेहरे, नेपथ्यावरचा पडदा यांची साक्ष घ्यावी लागते. हस्तपत्रके, जुन्या वृत्तपत्रांतील चित्रपटगृहांच्या जाहिराती आणि चित्रपटगृहात विकली जाणारी कथासार व गाण्यांची पुस्तिका यांना म्हणूनच असाधारण मोल आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जी कागदांची चळत रद्दीच्या भावाने विकली जाते, तिच्यात असे एखादे पान असू शकते.

बोलपटांच्या काळातही जोडपटाची उपेक्षा संपली नाही. कोल्हापुरात १९२९ मध्ये सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली आणि १९३४ मध्ये तिने ‘जंबूकाका’ हा कार्टूनपट काढला. जंबूक म्हणजे कोल्हा. ‘अमृतमंथन’ किंवा ‘संत तुकाराम’ यांची दृश्ये मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर आहेत, जंबूकाकाचे नाव मात्र सूचीच्या बाहेर फारसे पोहोचलेले नाही. आठ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि सहाशेहून अधिक चित्रपटांची पाच हजारांवर रिळे भस्मसात झाली. ही हानी केवळ संख्येची नाही. त्या रिळांपैकी अनेकांच्या नव्या प्रती काढलेल्या असल्या तरी मूळ पट्टीवरची खूण, जोड आणि कडेची अक्षरे प्रतीत उतरत नाहीत, आणि ओळख पटवण्याचा आधार नेमका तोच असतो.

परदेशांतील अनुभव आशा वाढवणारे आहेत. कलकत्त्याच्या मादन थिएटर्सच्या १९१९ मधील ‘बिल्वमंगल’चा तुकडा फ्रान्सच्या सिनेमातेकमध्ये सुरक्षित होता आणि त्याची अंकीय प्रत २०१६ मध्ये पुण्याच्या संग्रहालयाला मिळाली. वॉल्ट डिस्ने यांनी मिकीपूर्वी रंगवलेल्या ‘ओसवाल्ड’ या सशाच्या मालिकेतील हरवलेला एक भाग, १९२८ चा ‘नेक अँड नेक’, २०१८ मध्ये जपानमध्ये ओळखला गेला. एका अभ्यासकाने तो शाळकरी वयात ५०० येनला विकत घेतला होता आणि त्याच्या डब्यावर मिकीचे नाव होते. दुसरीकडे, संगणकाच्या पडद्यासाठी केलेली कार्टूनेही आता मूकपटांसारखीच हरवू लागली आहेत. ज्या ‘फ्लॅश’ तंत्रावर सहस्रावधी लहान पट आणि मालिका उभ्या होत्या, त्याला ते चालवणाऱ्या कंपनीने ३१ डिसेंबर २०२० नंतर आधार देणे थांबवले, आणि ज्या भागांच्या प्रती कोणी वेळीच उतरवून ठेवल्या नव्हत्या ते दिसेनासे झाले.

ओसवाल्डच्या त्या डब्यापासून मराठी अभ्यासकांनी घ्यावा असा धडा साधा आहे. ‘आगकाड्यांची मौज’ असे लिहिलेला डबा शोधत बसण्यात अर्थ नाही. तसे लिहिण्याची गरज १९१५ मध्ये कोणाला वाटली असण्याचा संभव फार कमी. तो पट उरला असेलच, तर एखाद्या पौराणिक चित्रपटाच्या शेवटच्या रिळात, ‘समाप्त’ या अक्षरांच्या नंतर, दोन-चार ठिकाणी जोडलेल्या पट्टीत असेल, आणि म्हणून नाशिक, कोल्हापूर, सांगली किंवा मंडईमागच्या एखाद्या वाड्याच्या माळ्यावर जुना डबा सापडला, तर त्यावरचे नाव वाचून तो बाजूला ठेवू नये. तो जाणकाराच्या हाती द्यावा, आणि त्याने ते रीळ अखेरच्या चौकटीपर्यंत उलगडून पाहावे.