मध्यम क्षमतेची व्यावसायिक साखळी करवत

मध्यम क्षमतेची व्यावसायिक साखळी करवत हे वृक्षतोड, फांद्यांची छाटणी आणि ओंडके पाडणे या कामांसाठी वापरले जाणारे, एका माणसाने हाताळावयाचे यंत्र आहे. बोलीभाषेत त्याला चेनसॉ किंवा कटर मशीन असेही म्हणतात. या वर्गात साधारणतः ५० ते ६५ सीसी क्षमतेचे दोन-धावी पेट्रोल इंजिन असलेल्या करवतींचा समावेश होतो. लहान घरगुती करवत दिवसभराच्या कामास पुरी पडत नाही, तर मोठ्या करवतीचे वजन दिवसभर पेलवत नाही. या दोन्हींमधील गरज हा वर्ग भागवतो. करवतीची कार्यक्षमता इंजिनाइतकीच तिच्या बारच्या लांबीवर आणि साखळीच्या मापावर अवलंबून असते.

इतिहास

जर्मनीतील आंद्रेआस श्टील यांनी इ.स. १९२६ मध्ये ओंडके कापण्यासाठी विजेवर चालणारी साखळी करवत तयार केली. इ.स. १९२७ मध्ये एमिल लेर्प यांनी थुरिंगिया प्रांतातील डोलमार डोंगरावर पेट्रोल इंजिनाच्या करवतीची चाचणी घेतली. सुरुवातीच्या करवती इतक्या अवजड होत्या की त्या चालवण्यास दोन माणसे लागत. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याचे रहिवासी जोसेफ बफर्ड कॉक्स यांनी लाकूड पोखरणाऱ्या अळीच्या जबड्यांचे निरीक्षण केले आणि त्या धर्तीवर वक्र दात्यांची साखळी बनवली. इ.स. १९४७ मध्ये ती बाजारात आली. आजच्या साखळ्या बहुतांशी त्याच तत्त्वावर चालतात.

इंजिन आणि बांधणी

व्यावसायिक करवतीत इंजिनाचे आवरण सहसा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असते. घरगुती करवतींत त्या जागी बहुधा प्लास्टिक आढळते. हवागाळणी, प्लग व क्लच यांपर्यंत सहज पोहोचता येणे हेही व्यावसायिक यंत्राचे लक्षण आहे. श्टील एमएस २६१ (५०.२ सीसी) व हुस्क्वार्ना ५५० एक्सपी (५०.१ सीसी) या प्रतिमाने या वर्गाच्या खालच्या टोकाला येतात. श्टील एमएस ३६२ (५९ सीसी) व हुस्क्वार्ना ५६२ एक्सपी (५९.८ सीसी) ही त्यांच्या वरची होत. छाटणी जास्त असल्यास पहिला गट सोयीचा ठरतो. जाड खोडे वारंवार कापावयाची असल्यास दुसरा गट निवडावा लागतो.

बारची लांबी

ज्या लोखंडी पात्याच्या कडेवरून साखळी फिरते, त्यास बार म्हणतात. त्याची लांबी करवतीच्या पुढील भागापासून टोकापर्यंत मोजतात. आत बसलेला भाग त्यात धरत नाहीत. साधारण प्रमाण पुढीलप्रमाणे आहे:

• ५० सीसी : १३ ते १८ इंच (सुमारे ३३ ते ४५ सेंमी)
• ६० सीसी : १५ ते २० इंच (सुमारे ३८ ते ५० सेंमी)

नेहमी कापावयाच्या खोडाच्या व्यासापेक्षा बार सुमारे दोन इंच लांब असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. कधीतरी भेटणाऱ्या जाड झाडासाठी लांब बार घेणे आवश्यक नसते. खोड दोन्ही बाजूंनी कापल्यास बारच्या लांबीच्या जवळजवळ दुप्पट व्यास कापता येतो. मात्र त्यासाठी प्रशिक्षण हवे.

बार लांबवला की एकाच वेळी अधिक दाते लाकडात रुततात आणि इंजिनावरील भार वाढतो. इंजिन अपुरे असल्यास साखळीची गती घटते, क्लच घसरून तापतो आणि टोकापर्यंत तेल नीट पोहोचत नाही. यंत्र पुढच्या बाजूस जड होते, त्यामुळे मनगट व पाठ थकते. आखूड बारमध्ये धार लावावयाचे दाते कमी असतात व हाताळणी सुलभ होते. उलटपक्षी, जमिनीवरील ओंडक्याच्या फांद्या छाटताना लांब बारमुळे कमी वाकावे लागते. म्हणूनच स्कँडिनेव्हियात आखूड, तर उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लांब बार वापरण्याची परंपरा दिसते.

साखळीची जुळणी

बार, साखळी व स्प्रॉकेट यांची मापे परस्परांशी जुळणे अनिवार्य आहे. सलग तीन रिव्हेटांमधील अंतराच्या निम्म्या मापास पिच म्हणतात. या वर्गात ०.३२५ इंच व ३/८ इंच ही मापे प्रचलित आहेत. बारच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी १.३, १.५ किंवा १.६ मिमी असते. तिसरे माप म्हणजे अशा कड्यांची संख्या. ही मापे बहुधा बारवरच कोरलेली असतात. निरनिराळ्या कंपन्यांच्या बारची बैठक वेगळी असल्यामुळे केवळ लांबी पाहून बार विकत घेणे योग्य नाही.

चौकोनी कोपऱ्याचे दाते स्वच्छ व मऊ लाकडात वेगाने कापतात. सुके, कठीण किंवा मातीने माखलेले लाकूड असल्यास गोलसर कोपऱ्याचे दाते अधिक काळ धार टिकवतात. सागवानात सिलिकाचे प्रमाण असल्यामुळे त्यावर काम करताना धार लवकर बोथट होते. जाड भुशाऐवजी पिठासारखी भुकटी पडू लागली की साखळीस कानस लावण्याची वेळ झाली असे समजावे.

सुरक्षितता

बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग लाकडास लागला की करवत क्षणार्धात चालकाच्या दिशेने उसळते. त्यास किकबॅक म्हणतात. साखळी-ब्रेक हा त्यावरील उपाय आहे, परंतु टोक मोकळे ठेवण्याची सवय अधिक महत्त्वाची. वादळात पडलेल्या झाडाच्या फांद्या ताणलेल्या असतात. तेथे प्रथम दाबाच्या बाजूने थोडा काप घेऊन मगच ताणाच्या बाजूने कापतात, अन्यथा बार अडकतो किंवा फांदी उसळते. दीर्घकाळच्या कंपनांमुळे बोटे पांढरी पडून बधिर होण्याचा विकार जडू शकतो. युरोपीय संघाच्या २००२ मधील निर्देशानुसार हातावरील कंपनाची आठ तासांची मर्यादा ५ मीटर प्रति वर्गसेकंद आहे. शिरस्त्राण, कर्णरक्षक, जाळीदार मुखकवच आणि साखळी अडवणारे पायजमे ही किमान साधने होत.

महाराष्ट्रातील वापर

पावसाळ्यात कोसळणारी झाडे हटवण्यासाठी महापालिकांची अग्निशमन दले साखळी करवती वापरतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले, तेव्हाही उन्मळलेल्या झाडांनी अडलेले रस्ते मोकळे करण्यासाठी त्यांची गरज पडली. करवत जवळ असणे म्हणजे वृक्ष तोडण्याची मुभा असणे नव्हे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ आणि नागरी क्षेत्रांसाठीचा १९७५ चा वृक्ष संरक्षण अधिनियम यांनुसार त्यासाठी पूर्वपरवानगीची तरतूद आहे.