परिचर्या-शिक्षणातील गुणवत्ता कोणी आणि कशी ओळखली? : अ‍ॅडलेड नटिंग यांचा तासांचा हिशेब

अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या शिक्षकाने नर्सिंगच्या शिक्षणाच्या इतिहासावर टिपण का लिहावे, असे तुम्हाला वाटेल. कारण सरळ आहे. दोन्ही व्यवसाय कामाच्या जागेवरून वर्गात आले. आपल्याकडे रुरकीला १८४७ साली आणि पुण्याला १८५४ साली अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाले ते सार्वजनिक बांधकामांना प्रशिक्षित माणसे हवी होती म्हणून. नर्सिंगचे तसेच झाले. रुग्णालयांना हात हवे होते. अशा व्यवसायात शिकवणाऱ्याचे काम ‘काम’ म्हणून कसे दिसू लागते, हा या टिपणाचा प्रश्न आहे.

सुरुवात लंडनपासून करावी लागते. क्रिमियन युद्धाच्या काळात जनतेने वर्गणी काढून नाइटिंगेल निधी उभारला आणि त्यातून १८६० साली सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. पहिल्या तुकडीत १५ जणी होत्या. शाळेमागे स्वतंत्र निधी होता, ही बाब लक्षात ठेवा. ती पुढे लागणार आहे.

अमेरिकेत १८७३ साली न्यूयॉर्क, न्यू हेवन आणि बोस्टन येथे या धर्तीवर तीन शाळा निघाल्या. १९०० पर्यंत त्यांची संख्या चारशेच्या वर गेली. ही वाढ शिक्षणाच्या ओढीने झाली असे समजू नका. तिचे गणित वेगळे होते. रुग्णालयाने शाळा काढली की वॉर्ड चालवायला विद्यार्थिनी मिळत. त्यांना राहणे, जेवण आणि थोडा भत्ता दिला की भागे. शिक्षण पुरे झाले की त्या लोकांच्या घरी जाऊन खाजगी शुश्रूषा करीत आणि त्यांच्या जागी नवी तुकडी येई. शिकवणे हे दिवसभराच्या ड्युटीनंतर, थकलेल्या मुलींपुढे संध्याकाळी उरकायचे काम होते. जिच्याकडे शाळा, तिच्याकडेच रुग्णालयाची सगळी परिचर्या. चांगली शिक्षिका आणि वाईट शिक्षिका यांत फरक करायला कोणालाच सवड नव्हती, आणि खरे तर गरजही नव्हती.

या ठिकाणी मेरी अ‍ॅडलेड नटिंग यांचा प्रवेश होतो. जन्म १८५८, कॅनडातील क्वेबेक प्रांतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९ साली परिचारिकांची शाळा निघाली, तिच्या पहिल्याच तुकडीत त्या होत्या. तिशी ओलांडल्यावर त्या शिकायला आल्या होत्या. १८९१ साली शिक्षण पूर्ण केले आणि १८९४ साली इझाबेल हॅम्प्टन विवाहामुळे पद सोडून गेल्यावर त्याच शाळेच्या प्रमुख झाल्या.

प्रमुख झाल्यावर त्यांनी जे केले ते मला फार आवडते, कारण ते अगदी अभियंत्याचे काम आहे: त्यांनी मोजले. विद्यार्थिनी आठवड्याला किती तास वॉर्डात असतात, याचा हिशेब मांडून १८९५ साली रुग्णालयाच्या विश्वस्तांपुढे ठेवला. आकडे होते ६० ते १०५ तास. १०५ तासांना सातने भागून पाहा. रोज १५ तास, सुटी नाही. एवढ्या कामानंतर शरीररचनाशास्त्राच्या तासाला डोळे उघडे ठेवणाऱ्या मुलीला काय येते आणि काय येत नाही, यावरून तिच्या शिक्षिकेची परीक्षा करणार तरी कशी? पुढच्या वर्षी त्यांनी हीच मोजणी इतर शाळांपर्यंत नेली आणि शाळाप्रमुखांच्या संघटनेपुढे कामाच्या तासांचा सांख्यिकीय अहवाल मांडला. ही संघटना १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी स्थापन झाली होती.

या हिशेबावर त्यांनी सुचवलेला उपाय नीट पाहा. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, ड्युटी दिवसाला आठ तास, भत्ता बंद आणि गरजू विद्यार्थिनींना शिष्यवृत्ती. भत्ता बंद करणे पहिल्यांदा कठोर वाटते. पण भत्ता घेणारी मुलगी नोकर ठरत होती, आणि नोकराला वेळापत्रक मागण्याचा हक्क नसतो. १९०१ साली त्यांनी आणखी एक पायरी घातली. नव्या विद्यार्थिनीने वॉर्डात पाऊल ठेवण्याआधी सहा महिने शरीररचना, शरीरक्रिया, आरोग्यशास्त्र, औषधांची ओळख आणि परिचर्येची प्राथमिक कौशल्ये शिकायची. आपल्याकडे पहिल्या वर्षाच्या मुलांना कार्यशाळेत नेण्याआधी सुरक्षिततेचे पाठ देतात, त्याच्या कितीतरी पुढची ही गोष्ट होती.

या सुधारणांची मर्यादाही सांगितली पाहिजे. नटिंग यांना सुशिक्षित घरांतल्या मुली व्यवसायात हव्या होत्या, आणि शिष्यवृत्त्या कितीही ठेवल्या तरी बिनभत्त्याची तीन वर्षे प्रत्येकीला परवडणारी नव्हती. त्या काळात हॉपकिन्सच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलींना प्रवेशच नव्हता. गुणवत्ता ओळखण्याची चर्चा चालू असताना कोणाला मोजणीतच धरले नव्हते, हेही इतिहासाच्या विद्यार्थ्याने पाहावे.

दुसरा टप्पा विद्यापीठाचा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाशी संलग्न टीचर्स कॉलेजमध्ये १८९९ साली एक अभ्यासक्रम सुरू झाला. आधीच प्रशिक्षित असलेल्या परिचारिकांना शाळा चालवायला आणि शिकवायला तयार करणे हा त्याचा हेतू. म्हणजे उत्तम परिचारिका आपोआप उत्तम शिक्षिका होते, हा समज येथे प्रथम अधिकृतपणे बाजूला पडला. (आपल्या क्षेत्रात तो अजून जिवंत आहे. उत्तम संकल्पचित्र काढणाऱ्याला फळ्यापुढे उभे केले की झाले, असे मानणारे मी रोज पाहतो.) १९०७ साली नटिंग येथे प्राध्यापक झाल्या. विद्यापीठातले प्राध्यापकपद मिळवणाऱ्या त्या जगातल्या पहिल्या परिचारिका. १९१० साली एका देणगीतून त्यांचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. नाइटिंगेल निधीची आठवण ठेवा म्हटले होते ते यासाठी. रुग्णालयाच्या तिजोरीतून न येणारा पैसा आला, तेव्हाच शिक्षिकेला शिक्षिका म्हणून वेळ मिळाला.

येथे त्यांची लेखणीही चालली. लॅव्हिनिया डॉक यांच्यासह परिचर्येचा चार खंडांचा इतिहास १९०७ ते १९१२ या काळात प्रसिद्ध झाला. १९१२ साली नर्सिंगच्या शैक्षणिक स्थितीवरचा त्यांचा अहवाल अमेरिकेच्या शिक्षण खात्याने छापला. १९१७ साली त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शाळांसाठी प्रमाण अभ्यासक्रम तयार केला. वैद्यकीय शिक्षणावर फ्लेक्सनर अहवाल १९१० सालीच आला होता. नर्सिंगला तसा अहवाल मिळायला १९२३ उजाडले. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पैशातून झालेल्या त्या पाहणीला जोसेफिन गोल्डमार्क यांचे नाव मिळाले. त्याच वर्षी येल विद्यापीठात स्वतंत्र अधिष्ठाता असलेले नर्सिंग विद्यालय सुरू झाले.

आता पदकाकडे या. १९४४ साली अमेरिकेतील नर्सिंग शिक्षण संघटनेने अ‍ॅडलेड नटिंग यांच्या नावाने परिचर्या-शिक्षणातील नेतृत्वासाठी पदक ठेवले आणि पहिले पदक त्यांनाच दिले. तेव्हा त्या पंचाऐंशीच्या घरात होत्या आणि निवृत्त होऊन जवळजवळ वीस वर्षे झाली होती. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसचे नाइटिंगेल पदक १९१२ पासूनचे, पण ते मुख्यतः युद्धात आणि आपत्तीत केलेल्या सेवेसाठी. ‘नर्सिंग शिक्षण’ हे शब्द त्याच्या नियमांत आले ते १९९१ साली. वर्गात झालेले काम दिसायला असा वेळ लागतो. रणांगणावरचा दिवा लगेच दिसतो.

भारतात हाच प्रश्न स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आला. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानुसार ब्रिटिश भारतात सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. एवढ्या तुटवड्यात ‘आधी वॉर्ड भरा, पदवीचे नंतर बघू’ असे म्हणणे सोपे होते. तरीही १९४६ सालीच दिल्ली आणि वेल्लोर येथे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. दिल्लीचे महाविद्यालय पुढे राजकुमारी अमृत कौर यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद आली आणि १९५९ साली दिल्लीत पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी नर्सिंग महाविद्यालय १९६४ चे. केंद्र सरकारचा राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार १९७३ चा. म्हणजे आपल्याकडेही महाविद्यालये आधी आणि पुरस्कार मागाहून. हा क्रम मला योग्य वाटतो. उलट क्रमाने गेलो असतो, तर हार-तुरे मिळाले असते आणि वर्ग रिकामाच राहिला असता.

शिकवण्याला विद्वत्ता म्हणायचे का, हा वाद मात्र अलीकडचा. अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० साली शोध, समन्वय, उपयोजन आणि अध्यापन अशी विद्वत्तेची चार रूपे मांडली. अमेरिकेतील नर्सिंग महाविद्यालयांच्या संघटनेने १९९९ साली ती आपल्या व्यवसायासाठी स्वीकारली. या व्याख्येने पाहिले तर १८९५ चा तो तासांचा तक्ता काय ठरतो? त्यात रुग्णशुश्रूषेचा नवा शोध नाही, कोणती नवी औषधयोजना नाही. शिकणे कशामुळे अडते, हे पुराव्यानिशी दाखवणारे ते काम आहे.

स्वाध्याय म्हणून एक करा. तुमच्या गावातल्या किंवा जवळच्या नर्सिंग महाविद्यालयाचे एका आठवड्याचे वेळापत्रक मिळवा. वर्गातील तास, वॉर्डातील तास आणि शिक्षिका प्रत्यक्ष विद्यार्थिनीजवळ उभी असते ते तास असे तीन रकाने करा. तिसरा रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागेल. तो वेळापत्रकावरून भरता येत नाही, विचारावे लागते.