अहमदाबादचे झुलते मनोरे



मनोरा म्हटला की तो अचल असावा, अशी आपली समजूत असते. या समजुतीला अपवाद पाहावयाचा असेल तर अहमदाबादेस जावे. तेथे रेल्वे-स्टेशनाजवळ सिदी बशीरच्या मशिदीचे दोन मनोरे उभे आहेत. ते पंधराव्या शतकातील असून तीन मजली, कोरीव सज्जांचे व सुमारे २१ मीटर उंचीचे आहेत. एकाच्या माथ्यावर चढून तो हलविला, की काही क्षणांनी दुसरा आपोआप डोलू लागे; दोहोंना जोडणारा भाग मात्र स्थिर भासे.

यात चमत्कार मानण्याचे कारण नाही. झोपाळ्याला योग्य वेळी हलके झोके देत गेले की तो उंच जातो. उंच, सडपातळ मनोऱ्यालाही डोलण्याची स्वतःची एक लय असते. दोन मनोरे एकाच मापाचे, म्हणून त्यांची लयही जवळजवळ एकच. सतारीची वरची तार छेडली असता त्याच स्वरात लावलेली खालची तरफेची तार न छेडता झंकारते, तसाच हा प्रकार समजावा. मधला भाग स्थिर भासतो, पण तो निश्चल नसतो. हातास न कळणारे सूक्ष्म कंप त्यातूनच पलीकडे पोहोचतात.

हे सारे कारागिरांनी हेतुपूर्वक साधले काय? जोडीचे मनोरे सारखे असणे ही सौंदर्याची मागणी होती, आणि एकलय त्यातून ओघानेच येते. म्हणून हेतूविषयी छातीठोक बोलणे बरे नव्हे. लवचीकपणामुळे मनोरे भूकंपात वाचतात, हेही सरसकट म्हणता येत नाही. सिदी बशीरचे मनोरे १८१९ आणि २००१ या दोन्ही भूकंपांतून वाचले हे खरे. पण त्याच नगरातील १४२४ च्या जामा मशिदीचे मनोरेही झुलते म्हणून प्रसिद्ध होते, आणि १८१९ च्या धक्क्याने ते कोसळले. आज त्यांचे केवळ बुंधे उरले आहेत.

आता एक गोष्ट आपल्या घरची. सिदी बशीरच्या मनोऱ्यांमागे आज मशीद नाही. उरली आहे ती मधली कमान. १७५३ साली राघोबादादा व दमाजी गायकवाड यांनी जवांमर्दखान बाबीपासून अहमदाबाद घेतले. त्या युद्धात मशिदीचा मुख्य भाग नष्ट झाला. त्या मोहिमेचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. मग तिच्या हिशेबात ही नासधूसही मांडली पाहिजे. जमेची बाजू तेवढी वाचायची आणि खर्चाचे पान उलटायचे, याला इतिहास म्हणत नाहीत.

आता त्या मनोऱ्यांवर चढण्यास मज्जाव आहे, आणि तो योग्यच आहे. जे भूकंपातून व युद्धातून वाचले, ते आपल्या कुतूहलापायी ढासळू नये. खाली उभे राहून मान वर करून पाहिले, तरी त्या अनाम पाथरवटांचे ऋण ध्यानात येण्यास तेवढे पुरेसे आहे.