धाव, डनलॉप आणि घाटाचा चढ

मंडळी, यात्रांचे दिवस जवळ आलेत म्हणून हे लिहितोय. थोडं लांबलंय, सवडीनं वाचा.

हल्ली आपल्याकडची पोरं मोटारींच्या हौशी शर्यतींबद्दल बोलायला लागलीत. टायर कुठला टाकू, ब्रेकपॅड कुठले घेऊ, असं विचारतात. मला त्याचं अप्रूप वाटतं, कारण हा प्रश्न पारगावात आजचा नाही. (कुठलं पारगाव, यावरून कमेंटमध्ये भांडू नका. जुन्नरचं पारगाव तर्फे आळे घ्या नाहीतर आंबेगावातलं कारखान्याचं पारगाव घ्या, गाड्याचं वेड दोन्हीकडं सारखंच.)

आपलं जुनं चाक म्हणजे बाभळीचं लाकूड. मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे, वर लाकडी पाट्यांचं कडं आणि त्यावर लोखंडी पट्टा. त्या पट्ट्याला आपण ‘धाव’ म्हणतो. टायरला इतकं नेमकं नाव दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असं मला वाटत नाही. सुतारानं चाक करायचं आणि लोहारानं धाव चढवायची. गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल करायची, चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आकसलं की सगळं चाक आवळून बसतं. धाव सैल झाली की चाक खिळखिळं व्हायचं, म्हणून लांबच्या वाटेला लागायच्या आधी जुनी माणसं चाकावर ठोकून आवाज ऐकायची. शर्यतीआधी मोटारीच्या टायरची हवा तपासतात ना, तसंच हे.

रबरी टायर नंतर आला. हवेच्या टायरचं पहिलं पेटंट रॉबर्ट थॉमसननं १८४५ साली घेतलं, पण तेव्हा ते चाललं नाही. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरनं पोराच्या तीनचाकीसाठी टायर केला आणि मग जग बदललं. पुढं बैलगाडीलाही हवेचे टायर लागले. डनलॉपची गाडी म्हणजे तेव्हा मोठी बढाई होती. आता गंमत बघा. १९५३ साली फ्रान्समधल्या ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जग्वार गाडीनं जिंकली, ती डिस्क ब्रेकच्या जोरावर. ड्रमचा ब्रेक आतल्या आत तापून ढिला पडायचा, डिस्क उघड्या हवेत निवायची. त्यामुळं जग्वारवाल्यांना वळणाच्या अगदी तोंडाशी येऊन ब्रेक मारता यायचा. ते ब्रेकही डनलॉपचेच.

म्हणजे एकाच नावाच्या कंपनीनं शर्यतीच्या मोटारीला टायर दिला आणि ब्रेकही दिला. आपल्या बैलगाडीला मात्र टायर तेवढा मिळाला, ब्रेक राहून गेला.

याचा हिशोब कोणी भरला? बैलानं. भीमाशंकर कारखान्याकडं उसाच्या टायरगाड्या जाताना बघितल्यात ना? रबरी चाक डांबरी रस्त्यावर हलकं चालतं, म्हणून माल वाढला. चढाला दम लागतो तो दिसतो तरी. उतारावर तेच हलकं चाक सगळा भार पुढं ढकलतं आणि तो जोखडावाटे येतो बैलाच्या मानेवर. कासरा खेचला की वेसण ओढली जाते, म्हणजे नाकसुद्धा ब्रेकच्या कामाला लागतं. वेग आणि वजन वाढवायचं आणि थांबवायचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं, हे मला तरी पटत नाही.

शर्यतीच्या बाबतीत मात्र आपली जुनी माणसं हुशार निघाली. सातारा, सांगली, कोल्हापूरकडं गाड्या सपाट रानावर पळतात, बरोबरीनं सुटतात. आपल्याकडं एकेक गाडा घाटात चढावर सुटतो, पुढं घोडी असते आणि सेकंद मोजले जातात. लोक म्हणतात, चढ बैलाची ताकद बघायला. असेलही. पण माझं मत असं की चढ हाच आपला ब्रेक आहे. निशाण ओलांडलं की घाट स्वतःच वेग खातो. पुढं सपाट किंवा उतार असता तर चार बैल कोणाला आवरले असते?

मधली वर्षं आठवा. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या. २०१७ मध्ये राज्यानं कायदा केला, पण उच्च न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं कायदा कायम केला. बैलाला छळलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कोर्टात वाद झाला तो बैलाच्या हालांवर, आणि तो व्हायलाच हवा होता. निशाणापलीकडं माणसं कुठं उभी राहतात, हे बघायचं काम मात्र आपलं आहे.

आता पोरांनो, तुमच्या मोटारीचं. इंजिनाला हात लावायच्या आधी ब्रेकचं ऑइल बदला. ऑइल जुनं झालं की पाणी शोषतं, तापलं की उकळतं आणि पेडल थेट तळाला जातं. रोजचे पॅड ट्रॅकवर पाच-सहा फेऱ्यांत हात टेकू शकतात, म्हणून जास्त उष्णता सोसणारे घ्या. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट जागा लागते. आणि ब्रेक चाक थांबवतो, गाडीला थांबवतो तो टायर. पहिल्याच दिवशी शर्यतीचा मऊ टायर नको. तो गरम झाल्याशिवाय पकडत नाही आणि लवकर झिजतो. रस्त्याचा चांगला टायर, चारी चाकांना सारखाच, बरा. तो घसरायच्या आधी ओरडतो, तेवढं ऐकायला शिका. आणि हे सगळं बंदिस्त ट्रॅकवर. माळशेजच्या रस्त्यावर नाही.

यात्रा कमिट्यांना एवढंच सांगणं आहे. यंदा घाटाची डागडुजी निघेल तेव्हा निशाणापुढची मोकळी जागा आधी पावलांनी मोजा आणि दोन्ही बाजूंना बॅरिकेड टाका. पाहुण्यांच्या खुर्च्या त्या जागेत मांडू नका. मागच्या वेळी कुठल्या घाटात त्या कुठं होत्या, ते तुम्हाला माहीत आहे.