वर्गणीदार आणि रुग्ण : जर्मन आरोग्यविम्यातील प्रतिनिधित्वाचा प्रश्न

आजारी विमेदाराला कोणता उपचार विम्यातून मिळावा हे कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न आरोग्यविम्याइतकाच जुना आहे. जर्मनीतील त्याचा इतिहास विशेष उद्‌बोधक ठरतो. विम्याच्या कारभारात कामगारांना तेथे प्रारंभापासूनच स्थान होते, आणि तरीही रुग्णाला रुग्ण म्हणून बोलावयास सव्वाशे वर्षे वाट पाहावी लागली.

१५ जून १८८३ च्या कायद्याने जर्मन साम्राज्यातील औद्योगिक कामगारांना आजारपणाचा विमा सक्तीचा केला. त्याचे श्रेय सामान्यतः बिस्मार्कला दिले जाते. तथापि त्याचे लक्ष अपघातविम्याकडे अधिक होते, आणि आजारपणाच्या विम्याची घडण मुख्यतः थिओडोर लोमान ह्या अधिकाऱ्याच्या हातची होती. वर्गणीचे दोन तृतीयांश कामगाराने व एक तृतीयांश मालकाने भरावयाचे, आणि स्थानिक निधीच्या सभेत व कार्यकारी मंडळात जागाही त्याच प्रमाणात वाटावयाच्या, अशी ही योजना होती. आजारी कामगारास वैद्यकीय उपचार व औषधे मोफत मिळत, आणि तिसऱ्या दिवसापासून तेरा आठवड्यांपर्यंत सरासरी वेतनाच्या निम्मा भत्ता मिळे. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कामगाराला मंडळात जागा मिळाली ती तो आजारी पडतो म्हणून नव्हे, तर तो पैसे भरतो म्हणून. पुढील सर्व इतिहासावर ह्या तत्त्वाची छाया पडलेली आहे.

समाजवादी पक्षावर त्या वेळी बंदी होती, आणि ह्या कायद्याकडे त्याने प्रथम संशयानेच पाहिले. मालकांचा संबंध नसलेले कामगारांचे स्वतःचे साहाय्य-निधी त्याला अधिक जवळचे वाटत. १८९० मध्ये बंदी उठल्यावर मात्र दोन तृतीयांश जागांचे मोल पक्षाच्या लक्षात आले, आणि मोठ्या शहरांतील अनेक स्थानिक निधींचा कारभार हळूहळू त्याच्या कार्यकर्त्यांच्या हाती गेला. कामगारांच्या हाती आलेली ही सत्ता सामान्य नव्हती. कोणत्या डॉक्टरशी करार करावयाचा व त्याला किती मोबदला द्यावयाचा, हे निधीच ठरवीत असत. डॉक्टरांना हे रुचणे शक्य नव्हते. १९०० मध्ये लाइपझिग येथे हेर्मान हार्टमान ह्याच्या पुढाकाराने त्यांची लढाऊ संघटना उभी राहिली, संप झाले, आणि १९१३ च्या अखेरीस बर्लिन येथे झालेल्या कराराने डॉक्टर व निधी ह्यांच्या संयुक्त समित्या निर्माण झाल्या. तडजोड दोन पक्षांत झाली. ज्याच्या देहाविषयी ती होती तो तिसरा पक्ष तेथे नव्हता.

परंतु तो निधीच्या आत तरी होता काय? कामगारांनी चालविलेले निधीदेखील आजारी सभासदाकडे काहीशा संशयानेच पाहत. रुग्णाने घराबाहेर केव्हा पडावे ह्याचे नियम असत; ते पाळले जातात की नाही हे पाहण्यासाठी निरीक्षक घरी येत, आणि नियमभंगाबद्दल दंड होई. ह्याला केवळ दुष्टपणा म्हणणे अन्यायाचे होईल. निधीची तिजोरी धडधाकट सभासदांच्या वर्गणीवर चाले, आणि लबाडीने घेतलेल्या भत्त्याचा भार त्यांच्यावरच पडे. पण ह्यावरून असे दिसते की वर्गणीदार आणि रुग्ण ह्या एकाच माणसाच्या दोन अवस्था असल्या तरी त्यांचे हितसंबंध एक नसतात. मंडळात बसणारा प्रतिनिधी बहुधा पहिल्याचा असतो.

१९३३ नंतर नाझी राजवटीने समाजवादी व ज्यू कर्मचाऱ्यांना निधींतून हाकलून दिले, आणि १९३४ च्या कायद्याने स्वशासन संपवून तेथे नेमलेला प्रमुख बसविला. युद्धोत्तर पश्चिम जर्मनीत १९५१ च्या कायद्याने स्वशासन परतले, पण ते जुन्या प्रमाणात नव्हे. वर्गणी आता निम्मी-निम्मी झाली होती, म्हणून बहुतेक निधींत जागाही निम्म्या-निम्म्या झाल्या. हिशेब तोच, फक्त आकडे बदलले. शिवाय जितक्या जागा तितकेच उमेदवार उभे करून मतदान टाळण्याची प्रथा पडली. तिला ‘शांतता-निवडणूक’ असे काहीसे उपरोधिक नाव आहे. (भारतातील १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने स्थापिलेल्या महामंडळातही मालक, कर्मचारी, सरकारे, वैद्यकीय व्यवसाय व संसद ह्यांचे प्रतिनिधी असतात, रुग्ण हा स्वतंत्र घटक तेथेही नाही.)

त्याच दशकात दोन संस्था जन्मास आल्या, आणि पुढील संघर्ष त्यांच्याभोवतीच घडला. १९५४ च्या आरंभापासून स्वतंत्र सामाजिक न्यायालये सुरू झाली. निधीने नाकारलेल्या उपचारासाठी विमेदाराला तेथे न्यायालयीन शुल्क न भरता दाद मागता येऊ लागली. १९५५ च्या कायद्याने डॉक्टर व निधी ह्यांची संघीय समिती स्थापन केली. कोणता उपचार विम्यात बसतो ह्याविषयीचे तिचे नियम कालांतराने इतके बंधनकारक झाले की वैयक्तिक निर्णय तेथेच आधी होऊन जात असे. रुग्णाला एकट्याने न्यायालयात जाता येत होते. नियम होत असताना मात्र तो दाराबाहेरच होता.

हे दार १ जानेवारी २००४ रोजी किलकिले झाले. नव्याने रचलेल्या संयुक्त संघीय समितीत अपंग, स्वमदतगट, रुग्ण-सल्लाकेंद्रे व ग्राहक ह्यांच्या मान्यताप्राप्त संघटनांच्या प्रतिनिधींना बसण्याचा, चर्चेत भाग घेण्याचा व प्रस्ताव मांडण्याचा हक्क मिळाला. मताचा हक्क मिळाला नाही. २००८ पासून समितीच्या मुख्य सभेत मते तेरा आहेत : पाच निधींची, पाच डॉक्टर व रुग्णालयांची, तीन तटस्थ सदस्यांची. रुग्णांचे पाच प्रतिनिधी ती मोजली जात असताना तेथे हजर असतात.

ह्याच सुमारास न्यायालयाच्या वाटेने अधिक मोठी गोष्ट घडली. असाध्य स्नायुक्षयाने ग्रस्त अशा एका मुलासाठी मागितलेल्या उपचाराचा खर्च निधीने नाकारला होता, आणि १९९७ मध्ये सर्वोच्च सामाजिक न्यायालयानेही त्याच्याविरुद्ध निर्णय दिला होता. ६ डिसेंबर २००५ रोजी संघीय घटनान्यायालयाने तो निर्णय रद्द केला. आजार जीवघेणा असेल, मान्यताप्राप्त उपचार उपलब्ध नसेल आणि सुधारणेची अगदीच दूरची नव्हे अशी आशा असेल, तर विमा सक्तीने घेणाऱ्या राज्याला असा उपचार सरसकट नाकारता येणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. सदर उपचारपद्धती शास्त्रीय दृष्ट्या वादग्रस्त होती, आणि वैद्यकवर्तुळात ह्या निकालावर झालेली टीका निराधार म्हणता येत नाही. तथापि २०१२ पासून हे तत्त्व कायद्याच्या कलमातच समाविष्ट झाले. एका कुटुंबाने अनेक वर्षे चालविलेल्या तक्रारीने जे मिळविले, ते समितीतील मतहीन खुर्चीला सहज मिळाले नसते.

१० नोव्हेंबर २०१५ रोजी त्याच घटनान्यायालयाने अशाच दुसऱ्या तक्रारीवर निर्णय दिला. ज्यांच्यावर समितीचे नियम लागू होतात, पण ज्यांना तिच्या रचनेत वाव नाही, त्यांच्या बाबतीत तिला पुरेशी लोकशाही अधिमान्यता आहे काय, अशी गंभीर शंका न्यायालयाने ह्या वेळी बोलून दाखविली. प्रश्नाचे उत्तर मात्र त्याने दिले नाही. तक्रारच अग्राह्य ठरविण्यात आली.