संदेशातील प्रकारनिर्देश : इस्की ते एक्सएमएल

पुण्याचा ४११००१ हा पिनकोड एका संगणकाने दुसऱ्याकडे पाठविला, तर ती संख्या समजावयाची की अक्षरमाला, हे केवळ अंकांकडे पाहून ठरविता येत नाही. पिनकोडांची बेरीज कोणी करीत नाही. अंकांनी लिहिलेले ते स्थलनामच होय. मजकुराचा असा प्रकार कळविण्याचे मार्ग दोन. एक, संदेशातच तशी खूण करणे. दुसरा, उभयपक्षी आधीच संकेत ठरविणे. भाषाभ्यासकास हा भेद अपरिचित नाही. मराठीत कर्ता व कर्म बहुधा प्रत्ययाने ओळखतात. इंग्रजीत ते पुष्कळ अंशी वाक्यातील स्थानावरून कळतात. हे दोन मार्ग संगणकीय लेखनात कसकसे स्वीकारले गेले व त्यांत मराठीचे हिताहित कोणते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा पुण्याशी निगडित आहे. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सुरू झालेले भारतीय लिप्यांविषयीचे कार्य १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत पुढे वाढले. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ ही संकेतावली मानक म्हणून स्वीकारली. तीत देवनागरी, बंगाली, तमिळ इत्यादी लिप्यांतील ‘क’ला एकच संकेतांक दिलेला आहे. लिपी कोणती, हे मजकुरात घातलेल्या स्वतंत्र खुणेने सांगावयाचे. एक खूण बदलली की तोच मजकूर दुसऱ्या लिपीत उमटे, हा या योजनेचा मोठा गुण. परंतु मजकुराचा मधलाच तुकडा उचलला, तर खूण मागे राही आणि लिपी अनिश्चित होई. युनिकोडने भारतीय लिप्यांचा वर्णक्रम इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतला; मात्र प्रत्येक लिपीस निराळे संकेतांक दिले. लिपीचा निर्देश अशा रीतीने प्रत्येक अक्षरातच सामावला.

हाच प्रश्न पुढे संगणकांच्या परस्परसंवादात उभा राहिला. एक्सएमएलची शिफारस फेब्रुवारी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीच्या एक्सएमएल-आरपीसी या पद्धतीत प्रत्येक मूल्य त्याच्या प्रकाराच्या नावाने वेष्टित करीत. वेष्टन नसल्यास ते मूल्य अक्षरमाला समजावे, असा नियम होता. मे २००० मधील सोप १.१ मध्ये ‘एक्सएसआय:टाइप’ या गुणविशेषाने घटकावरच प्रकार नोंदविण्याची सोय होती. पण प्रकार अन्य मार्गाने ठाऊक असेल तर ही नोंद गाळण्यासही मुभा होती. त्यामुळे काही प्रणाली ही नोंद पाठवीत, काही पाठवीत नसत. आणि नोंदीवाचून संदेश न उलगडणाऱ्या प्रणालीही होत्या. सवलतीतूनच विसंवाद उत्पन्न झाला.

२००१ साली सेवेचे वर्णन करणारी डब्ल्यूएसडीएल १.१ आणि प्रकारांची व्याख्या करणारी एक्सएमएल स्कीमा प्रसिद्ध झाल्यावर संदेशाबाहेरचा संकेत दृढ होऊ लागला. वेब सेवांच्या सुसंवादासाठी स्थापन झालेल्या डब्ल्यूएस-आय या संघटनेच्या २००४ मधील नियमावलीने सोपची जुनी संकेतनपद्धती वर्ज्य केली. संदेशाचा अर्थ यापुढे स्कीमावरून लावावयाचा, असे ठरले. तथापि खूण सर्वस्वी लोपली नाही. स्कीमात ‘पत्ता’ हा सामान्य प्रकार सांगितला असून संदेशात त्यापासून साधित असा ‘भारतीय पत्ता’ आला, तर तो विशेष प्रकार घटकावर नोंदवावाच लागतो. संकेत सामान्य रूप सांगतो, विशेष रूपास प्रत्यय लागतो, असे म्हणावयास हरकत नाही.

मराठीचा संबंध येथे दोन ठिकाणी येतो. एक्सएमएल स्कीमातील पूर्णांक भारतीय अंकांच्या आंतरराष्ट्रीय रूपातच लिहावा लागतो. देवनागरी अंकांतील ४११००१ अक्षरमाला म्हणून ग्राह्य ठरतो, पूर्णांक म्हणून अग्राह्य. दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. युनिकोडवरून लिपी कळते, भाषा कळत नाही. मराठी, हिंदी व संस्कृत यांची देवनागरी अक्षरे तेथे एकच आहेत. ल आणि श यांची मराठीतील रूपे हिंदीहून भिन्न असून २००९ च्या शासननिर्णयाने ती निश्चित केली. ज्या टंकांत दोन्ही रूपे असतात, तेथे मराठी रूप आपोआप निवडले जाण्यासाठी भाषेचा निर्देश लागतो. त्यासाठी ‘एक्सएमएल:लँग’ हा गुणविशेष १९९८ पासून उपलब्ध आहे.

जेथे उभय पक्षांना संकेत ठाऊक असतो, तेथे खूण गाळली तरी निभते. मजकूर त्या वर्तुळाबाहेर गेला की तिची उणीव जाणवते, हे इस्कीच्या तुटलेल्या तुकड्याने दाखविलेच आहे. मराठी मजकूर आज आपल्या वर्तुळाबाहेर सतत जात असतो. म्हणून कोश, दफ्तरे वा बोलींचे नमुने संगणकावर आणणाऱ्या अभ्यासकांनी भाषेची नोंद मजकुराबरोबरच ठेवावी. मागाहून ती लावणे म्हणजे प्रत्येक वाक्य पुन्हा वाचून भाषा ठरविणे होय.